मागचा बाक

२७ ऑक्टोबर १८६७, रविवार

शाळेच्या बाई म्हणाल्या, "फिबी, वाचतेस चांगलं, पण अक्षर म्हणजे कोंबडी नाचल्यासारखं. रोज चार ओळी लिहीत जा." म्हणून लिहायला बसले. काय लिहायचं हा प्रश्न मला कधी पडत नाही. हात दुखतो, एवढंच.

आज प्रार्थनाघरात टायटस काकांनी निवडणुकीचं समजावून सांगितलं. काका आमचे म्होरके. उत्तर-दक्षिणेच्या युद्धाआधी आम्ही सगळे गुलाम होतो, तेव्हा ते झाडीत लपून प्रार्थना घ्यायचे. आता छपराखाली उघड घेतात, पण आवाज अजून तसाच दबका आहे. म्हणाले, येत्या एकोणीस आणि वीस तारखेला मतं पडणार. निवडून जातील ती माणसं शहरात बसून राज्याचा नवा कायदा लिहिणार. आपलं मत, आपल्या मुलांची शाळा, कोर्टात आपली साक्ष, सगळं त्यात येणार. पण एक मेख आहे. ज्यांनी नावं नोंदवली त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी मत टाकलं तरच ती सभा भरणार. म्हणून गोऱ्यांनी नावं नोंदवून ठेवलीत आणि त्या दोन दिवशी घरी बसायचं ठरवलंय.

"म्हणजे आपल्यातला जो घरी बसेल, तोही त्यांच्यातच धरला जाईल," काका म्हणाले. "तापानं फणफणलेला असला तरी."

मतांची पेटी नदीपलीकडे, तिठ्यावरच्या दुकानात ठेवणार आहेत. पहिल्या दिवशी पहाटे मळ्याच्या तरीतून, त्या मोठ्या होडीतून, सगळ्या पुरुषांनी एकदमच जायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे आम्ही सगळे उभे राहिलो. प्रार्थनाघरात हीच रीत आहे, पटलं तर उभं राहायचं, बाई असो की बाप्या. मी विचारलं, "आणि तिकडे आम्ही बायकांनी कुठं उभं राहायचं?"

"तिकडे फक्त पुरुष," काका म्हणाले.

"असं होय. मग ब्रॅमच्या मतात अर्धं माझं."

सगळे हसले. ब्रॅम, माझा नवरा, हसला नाही. तो सुतार आहे आणि एक वाक्य पुरं करतो तोवर माझा भात शिजतो. डोकं खाजवून म्हणाला, "अर्धंच?" तेव्हा लोक जास्तच हसले.

पहाटेचा बेत बाहेर फुटता कामा नये, असं काकांनी दोनदा बजावलं. दोन्ही वेळा माझ्याकडेच का पाहत होते कोण जाणे.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

विहिरीवर टामर भेटली. ती मॅनेजरसाहेबांच्या मोठ्या घरात स्वयंपाक करते. बिचारीला रविवारीसुद्धा सुट्टी नाही, त्यामुळे प्रार्थनाघरातलं काही कळत नाही. तिला तेवढं पहाटेचं सांगितलं. टामर काही बाहेरची नव्हे, आणि शपथ घालून सांगितलं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

घात झाला. क्रेसवेलसाहेबांनी, म्हणजे मळ्याच्या मॅनेजरनं, फर्मान काढलंय की मळ्याची तर अठरा तारखेला दुरुस्तीसाठी नदीच्या वरच्या अंगाला नेणार आणि आठवडाभर तिकडेच ठेवणार. आमच्या या बेटावरून पलीकडे जायला दुसरं आहे काय? मासे धरायच्या दोन-तीन डोण्या, त्यांत दोन माणसं बसली की तिसरा पोहत येतो. नोव्हेंबरचं पाणी, त्यात आमची नदी. ओहोटीला लागली की बैलालासुद्धा समुद्रात घेऊन जाईल.

कुणीतरी चुगली केली. बेटावर लोकांच्या पोटात काही म्हणून राहत नाही, हेच आमचं दुखणं आहे. टामरलाही मी हेच बोलून दाखवलं. तीही हळहळली.

४ नोव्हेंबर, सोमवार

क्रेसवेलसाहेब स्वतः आमच्या दारात आले. घोड्यावरून उतरले नाहीत, पण टोपीला हात लावला. ब्रॅमला म्हणाले, "ब्रॅम, तू शहाणा माणूस आहेस. सुतारकामाची शेड आणि तिच्यामागची दहा एकर तुला खंडानं देतो. पाच वर्षांच्या करारानं. एकोणीस-वीसला तेवढा घरी थांब. तू थांबलास की चार जण तुझ्याकडे पाहून थांबतील."

दहा एकर! मी हातातली भेंडी तशीच धरून उभी. दहा एकरांत भात, रताळी, एक गाय, शिवाय दर जानेवारीला नव्या करारासाठी कुणाच्या पायरीवर उभं राहायला नको. मनात आलं ते खरं लिहिते, एक क्षण मला ती गाय दिसली. मग माझी मलाच लाज वाटली.

मी वाट पाहत होते ब्रॅम काय म्हणतो याची. ब्रॅम म्हणाला, "विचार करतो, साहेब."

विचार करतो! साहेब गेल्यावर मी त्याला म्हटलं, "विचार कसला करायचाय? इतकी वर्षं विचार न करता त्यांचं सगळं ऐकलं, आता नाही म्हणायला विचार लागतो का तुला?" तो म्हणाला, "भेंडी करपतेय, फिबी." भेंडी चुलीवर नव्हतीच, माझ्या हातात होती.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

काहीतरी शिजतंय. ब्रॅम मोठ्या घराच्या कोठारातून डांबराचा डबा घेऊन येताना मी डोळ्यांनी पाहिला. विचारलं, तर म्हणाला, "साहेबांचं छप्पर गळतंय." साहेबांचं छप्पर! याआधी साहेबांनी याला एक खिळा फुकट दिला नव्हता.

मॉमा डायडोला जाऊन सांगितलं. ती आमच्या वस्तीतली सगळ्यात म्हातारी, मला तिनंच वाढवलं. पाइप ओढत म्हणाली, "छप्पर गळत असेल तर डांबर लागणारच की, पोरी." या वयात माणसाला काही म्हणजे काही कळेनासं होतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

आता हद्द झाली. माझं जुनं पांघरूण, लग्नातलं, ब्रॅमनं उसवून त्यातला सगळा कापूस काढून नेला. खोळ मात्र नीट घडी करून ठेवली, जसं काही मी खोळ पांघरून झोपणार आहे. "कशाला?" म्हटलं, तर "लागणार आहे."

रोज ओहोटी लागली की हा माणूस भातखाचरांमागच्या जुन्या खाडीकडे जातो आणि भरती आली की चिखलानं गुडघ्यापर्यंत माखून परत येतो. तिकडे आहे काय? काही नाही. भात वाहायचा एक पडाव, म्हणजे मोठी सपाट होडी, युद्धात बुडवला होता, तो चिखलात रुतून बसलाय, त्यावर बगळे बसतात. छप्पर काही खाडीत नाही. माझी खात्री झालीय, साहेब याला तिकडे भेटतात. शेडची जागा तिकडची देणार असतील.

सकाळी विहिरीवर रडू आलं. टामर होती म्हणून बरं. मन मोकळं झालं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे केलं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

आमच्यात सरकारी कोर्टाला अन्यायाचा कायदा म्हणतात आणि प्रार्थनाघरातल्या निवाड्याला न्यायाचा कायदा. ज्याची तक्रार असेल त्यानं गुरुवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायची. मी उभी राहिले. म्हटलं, माझी तक्रार माझ्या नवऱ्यावर आहे. शेड, दहा एकर, "विचार करतो", डांबर, सगळं सांगितलं. पांघरुणाचंही सांगितलं. माझा आवाज चांगला आहे, पार रस्त्यापर्यंत गेला असणार.

टायटस काकांनी विचारलं, "ब्रॅम, तुझं काय म्हणणं?"

ब्रॅम उठला. टोपी हातात फिरवत बसला, म्हणजे उभाच होता. शेवटी म्हणाला, "फिबीनं जे पाहिलं ते तिनं पाहिलंय. ती खोटं बोलत नाही."

बस्स. आणखी एक शब्द नाही! मी वाट पाहत राहिले की हा आता नाही म्हणेल, ओरडेल, मला खोटं पाडेल. देवा, मला खोटं पाडायला हवं होतं त्यानं.

काकांनी निवाडा सांगितला की ब्रॅमनं मागच्या बाकावर बसायचं. मागचा बाक म्हणजे गाण्यात नाही, गाताना फिरायच्या रिंगणात नाही, कुणी हात मिळवणार नाही. नवल म्हणजे काका रागावलेले दिसले नाहीत. त्यांना खोकला आला. मग शेजारच्या दोघा पंचांनाही खोकला आला. थंडीच आहे तशी.

ब्रॅम चालत मागे गेला आणि बसला. मी जिंकले, आणि घरी येईस्तोवर मला एक पाऊल टाकवत नव्हतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

ब्रॅम ओसरीवर झोपतो. मीच सांगितलं. मतात अर्धं माझं, तसं घर अर्धं माझं, आतलं अर्धं मी घेतलं. तो म्हणाला, "बरं." रागावला असता तर बरं झालं असतं. पहाटे पाहिलं तर अंग आखडून झोपला होता. माझा कोट त्याच्यावर टाकला, पण तो उठायच्या आत परत काढून आणला.

दुपारी क्रेसवेलसाहेबांकडून डुकराची अख्खी मांडी आली, धुरी दिलेली. "ब्रॅमसाठी, साहेब खूश आहेत," नोकर म्हणाला. प्रार्थनाघरात काय झालं ते साहेबांना दोन दिवसांत कसं कळलं? मी ती मांडी घरात घेतली नाही, ओकच्या फांदीला टांगली. वस्तीतल्या सगळ्या कुत्र्यांची प्रार्थनासभा सध्या आमच्या दारात भरते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मळ्याची तर गेली. आम्ही काठावर उभ्या राहून पाहिली. मॉमा डायडो म्हणाली, "फिबी, उद्या पहाटे लवकर उठ. चांगला झगा घाल."

"कशाला? रडायला?"

"रडायचं तर चांगल्या झग्यात रड."

१९ नोव्हेंबर, मंगळवार

रात्र झालीय, हात सुजलेत, पण आजचं आजच लिहायला हवं.

पहाटे उठले तेव्हा ओसरी रिकामी होती आणि फांदीवरची मांडी नाहीशी झाली होती. मला वाटलं, संपलं. माणूस मांडीसकट साहेबांकडे गेला. डोक्याला फडकं बांधलं आणि निघाले. नवरा नसला तरी मी जाणार होते. मत नाही तर नाही, निदान काठावर उभी राहून पलीकडे ओरडेन, असा विचार होता.

पण कुणीच तरीच्या धक्क्याकडे जाईना. टायटस काका पुढे, मागे सगळे पुरुष, मागे बायका, आणि वाट खाचरांच्या बांधावरून खाडीकडची. मी विचारतेय, "अहो काका, कुठं? इकडे काय आहे?" कुणी उत्तर देईल तर शपथ.

धुकं होतं. भरती पुरी चढली होती. आणि खाडीत, पाण्यावर, पडाव तरंगत होता. तो जुना, बगळ्यांचा. कडेनं सगळीकडे डांबराच्या काळ्या रेघा, आणि फळ्यांच्या फटींतून जिथंतिथं पांढरा कापूस डोकावत होता. माझ्या पांघरुणाचा कापूस. मागच्या टोकाला हातात बांबू घेऊन ब्रॅम उभा.

मला ओरडायचं होतं, हसायचं होतं, त्याच्या कानाखाली वाजवायची होती. ब्रॅम म्हणाला, "येतेस, की अजून काही बोलायचंय?"

चढले. अख्खी वस्ती चढली. पडाव थोडा पाझरत होता, मी आणि मॉमा डायडो दुधाच्या चरव्यांनी पाणी उपसत होतो. मधोमध पोचल्यावर ब्रॅमनं टोपीतून नावं छापलेला मताचा कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "माझे हात डांबराचे आहेत," म्हणाला. "तू सांभाळ." मी तो फडक्याच्या गाठीत बांधला. वाचून पाहिला होता आधी. नावं बरोबर होती.

पलीकडच्या काठावर क्रेसवेलसाहेब घोड्यावर बसले होते, तर जायच्या आधीच पलीकडे आले असणार. पडाव पाहिला, ब्रॅमला पाहिलं, मग पडावाचं डांबर पाहिलं. ते डांबर त्यांच्या कोठारातलं होतं. म्हणाले, "ब्रॅम, नव्या वर्षाला मळ्याचं घर खाली करायचं."

"होय, साहेब," ब्रॅम म्हणाला. "छप्पर मात्र खरंच केलंय. आता गळणार नाही."

दुकानाच्या दारात बायकांना अडवलं. मी गाठ सोडली, कागद ब्रॅमला दिला. त्यानं आधी शर्टाला हात पुसले, दोनदा. मग आत गेला. आम्ही बाहेर उभ्या राहिलो, पुरुषांच्या बंदुका सांभाळत, कारण आत बंदूक चालत नाही आणि बाहेर बंदुकीशिवाय चालत नाही. मी दाराच्या फटीतून पाहिलं. पेटी म्हणजे साधं खोकं होतं, वर चीर. त्यानं कागद टाकला आणि एकदा वळून दाराकडे पाहिलं. मी त्याच्याकडेच पाहत होते.

परत येताना साहेबांची मांडी कापून सगळ्यांनी खाल्ली. चव चांगली होती, हे नाकारून चालणार नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

प्रार्थनाघरात ब्रॅमला पुढं बोलावलं. सगळ्यांनी हात मिळवले. मग टायटस काकांनी मजा सांगितली. म्हणाले, "मळ्याची तर जाणार हे कळलं त्याच दिवशी पडावाचं ठरलं होतं. पण क्रेसवेलची नजर ब्रॅमवर. त्याला पटायला हवं होतं की ब्रॅम विकला गेलाय. आम्ही सांगितलं असतं तर पटलं नसतं. मग म्हटलं, आपली फिबी आहे की! तिला काही सांगू नका, तिला नुसतं दिसू द्या. बाकीचं ती आणि टामर पाहून घेतील."

लोक गडाबडा लोळायचे बाकी राहिले. मीही हसले. सगळे हसताना तोंड वाकडं करून कोण बसणार.

टामरचं मला अजून पटत नाही. टामरला सांगणं म्हणजे काय सांगणं झालं?

घरी आल्यावर ब्रॅमला आतल्या अर्ध्यात घेतलं. तो लगेच झोपला. मी खोळ पांघरून जागी राहिले.

२५ नोव्हेंबर, सोमवार

ब्रॅमनं विचारलं, "काय झालंय? चार दिवस घर गप्प आहे."

मी म्हटलं, "सात रात्री तू ओसरीवर होतास. त्यातल्या पाच रात्री मला वाटत होतं माझा नवरा मेला आणि त्याच्या जागी दुसराच कुणी घोरतोय. हे तुला ठाऊक होतं?"

त्यानं चुलीत एक लाकूड सरकवलं. नंतर म्हणाला, "कोट टाकलास तेव्हा जागा होतो. तेव्हा सांगणार होतो."

"मग?"

"काकांना शब्द दिला होता."

"आणि मला लग्नात काय दिलं होतंस, भोपळा?"

आमच्या लग्नात, गुलामांच्या रीतीनं, आम्ही हात धरून जमिनीवर टेकवलेल्या झाडूवरून उडी मारली होती. पाद्री नव्हता, कागद नव्हता. पण दोघांचे पाय एकदमच सुटले होते जमिनीवरून, त्याचे आधी आणि माझे मागून असं नव्हतं. हे मी त्याला बोलले नाही, इथं लिहून ठेवते.

१२ डिसेंबर, गुरुवार

टायटस काका शहरातून बातमी घेऊन आले. सभा भरणार! अख्ख्या राज्यात निम्म्याहून थोडीशीच जास्त मतं पडली. थोडीशीच. म्हणजे आमच्या पडावासारखे आणखी कुठकुठले पडाव तरंगले असतील त्या दिवशी. लोक रडले, नाचले, एकमेकांच्या पाठी बडवल्या. मीही रडले, चांगल्या झग्यात.

शांत झाल्यावर काकांनी रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाची काही तक्रार?"

मी उभी राहिले. लोक हसायलाच लागले. म्हटलं, "हसून झालं की सांगा, मी थांबते." थांबले. मग म्हटलं, "माझी तक्रार ब्रॅमवर आहे, टायटस काकांवर आहे आणि दोघा पंचांवर आहे."

कुणी खोकलं नाही.

"पडाव तरंगला, सभा भरणार, त्याचा मला तुमच्याइतकाच आनंद आहे. पण सुटका होण्याआधी माझे हात मालकानं मला न विचारता वापरले. पाय वापरले. पाठ वापरली. एक तोंड तेवढं माझं होतं. ते तुम्ही वापरलंत, मला न विचारता. विचारलं असतंत तर मी याहून मोठ्यानं ओरडले असते. नाटक म्हणून ओरडले असते, आणि रात्री नवऱ्याशेजारी झोपले असते."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "आणि सकाळी टामरला सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं, नसतं," मी म्हटलं. "ते माझं मला ठरवू द्यायचं होतं. मला सोडवलंय ना? मग पुरतं सोडवा."

काका खाली पाहत राहिले. मग दबक्या आवाजात म्हणाले, "पटत असेल त्यानं उभं राहावं."

क्षणभर कुणी हललं नाही. मग काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. मॉमा डायडो. तिला उठायला वेळ लागतो, सगळे तिच्याकडे पाहत राहिले. मग तिच्यामागची बाई उठली. मग तिची सून. मग बायका उठतच गेल्या, कडेवर पोरं घेऊन, झगे सावरत. पुरुषांमध्ये पहिला ब्रॅम उठला. स्वतःविरुद्ध.

टायटस काकांनी बाकावरची टोपी उचलली आणि मागे चालू लागले. मी इथं जन्मले, पण काकांना मागच्या बाकावर बसलेलं मी काय, कुणीच कधी पाहिलं नव्हतं. दोघे पंच त्यांच्यामागून गेले. ब्रॅम गेला. बाक करकरला, चार मोठी माणसं त्याला सवयीची नाहीत.

आता पंचाईत झाली. रिंगणाचं गाणं नेहमी पुढचा बाक उचलतो, आणि पुढचा बाक रिकामा. सगळ्या उभ्या आहेत, कुणाला काही सुचेना.

"फिबी," मॉमा डायडो म्हणाली, "तोंड तुझं आहे ना? उचल गाणं."

मी उचललं. आधी आवाज फाटला, मग बसला. बायका रिंगणात फिरायला लागल्या, जमीन वाजायला लागली. मागच्या बाकावरच्यांना गाता येत नाही, पण टाळी द्यायला रीत आड येत नाही. पहिली टाळी ब्रॅमची आली, जरा उशिरा, नेहमीसारखी.